जिथं अंथरूण, तिथं नाव

धरमपेठ, नागपूर

प्रिय बेटा,

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा मी मच्छरदाणी खोचत होतो. तू विचारलंस त्याचं उत्तर मी एका शब्दात दिलं, तेही ओरडून. तुझी काकू म्हणाली, परदेशात एकट्या पडलेल्या पोराला असं झापतात का? म्हणून हे पत्र. उत्तर बदललेलं नाही, एवढं आधीच सांगतो.

सूनबाई जर्मनीत श्टुटगार्टला तुझ्या खोलीवर येऊन नऊ दिवस झाले, पण राहत्या पत्त्यावर तिची सरकारी नोंद अजून व्हायची आहे. घरमालकीण आजीनं खोली एकट्याला दिली होती, त्यामुळे नोंदीला लागणारा कागद तिच्याकडे मागायची तुला भीती वाटते. आणि एस्लिंगेनचा तुझा मित्र म्हणतो की वहिनींचं नाव माझ्या पत्त्यावर लाव, फक्त कागदावर! तसं करू का, हे तू विचारलंस.

फक्त कागदावर. पस्तीस वर्षं मी सरकारी टेबलावर काढली. "फक्त कागदावर" म्हणत आलेला माणूस दोन-तीन वर्षांनी चपला झिजवत परत येतो, हे इतक्यांदा पाहिलंय की तो शब्द ऐकला तरी डोकं तडकतं. जिथं माणूस निजतो तिथंच त्याचं नाव लागलं पाहिजे. जिथं अंथरूण, तिथं नाव. बाकी सगळं मी पुढे सांगतो ते विसरलास तरी चालेल.

तुझा मित्र आणखी एक सांगून राहिला म्हणे, की तीन महिने काहीच करावं लागत नाही. अर्धवट ऐकलंय त्यानं. तीन महिन्यांची सूट पाहुण्याला आहे, ज्याचं घर परदेशात आहे आणि जो चार दिवस राहून परत जाणार त्याला. मी तिकडे जर्मनीत लेकीकडे ऐंशी दिवस राहून आलो, मला नोंद करावी लागली नाही, ती त्या नियमानं. सूनबाई काय पाहुणी आहे? कुटुंबाच्या व्हिसावर ती नांदायला आली आहे. तिला घरात राहायला लागल्यापासून दोन आठवडे. तो नोंदणीचा कायदा १ नोव्हेंबर २०१५ पासून लागू आहे. लेकीकडे होतो तेव्हा मी मोबाइलवर भाषांतर करून वाचून काढला. हसू नकोस. निवृत्त कारकुनाला कायदा वाचल्याशिवाय अन्न पचत नाही.

त्यातलंच सांगतो. उशिरा नोंद केली तर दंड एक हजार युरोपर्यंत. पण माणूस राहत नसताना त्याला आपला पत्ता देणाऱ्याला दंड पन्नास हजार युरोपर्यंत. हजार तुझे, पन्नास हजार मित्राचे. उपकार करायला निघालेल्या त्या पोराला हे माहीत तरी आहे का? आणि दंड जाऊ दे. एस्लिंगेन वेगळं शहर आहे. तिचा राहण्याचा परवाना तिथलं परदेशी नागरिकांचं कार्यालय बघणार, तुझा श्टुटगार्टचं. नवराबायको एका पलंगावर आणि फायली दोन गावांत. ही गाठ सोडवायला तू काय नागपूरहून मला बोलावणार आहेस?

तू घाबरतोस ते मला कळतं. तुझ्या बाबांनी अकरा-अकरा महिन्यांचे करार करत जन्म काढला. प्रत्येक घरमालक पहिल्याच दिवशी सांगायचा, आमच्या पत्त्यावर काही काढायचं नाही, रेशनकार्ड नाही, मतदारयादी नाही. तुझी आई गॅसच्या पुस्तकावर तीन घरं मागचा पत्ता ठेवून वर्षानुवर्षं सिलिंडर आणत होती. आपल्याकडे भाडेकरूनं नाव लावलं की मालकाला वाटतं, घर बळकावतो. ती भीती तू सुटकेसमध्ये भरून तिकडे नेलीस. पण तिथे उलटं आहे, बाप्पा. तिथे मालकाला तो कागद द्यावाच लागतो. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे घर देणाऱ्याचा दाखला. लेकीनं दोन दिवस घोकून घेतलं तेव्हा कुठे जिभेवर बसलं. त्यावर घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, राहायला आल्याची तारीख, घराचा पत्ता आणि राहणाऱ्यांची नावं, एवढंच असतं. भाडेकरार दाखवून भागत नाही, हाच कागद लागतो.

आणि बायकोला आपल्या घरात आणायला मालकाची परवानगी लागत नाही, कळवावं मात्र लागतं. खोली अगदीच खुराडं असेल तर गोष्ट वेगळी. तुझी तशी नाही, तू व्हिडिओवर दाखवलीस तेव्हा कपाटामागे सायकलसुद्धा उभी होती. तू नऊ दिवस कळवलंच नाहीस ही चूक. आज लेखी कळव, सूनबाईला घेऊन वर जा, भेटव. सरळ सांग की कळवायला उशीर झाला. तरी आजीनं नाहीच दिला कागद, तर ते लगेच नोंदणी कार्यालयाला सांगायचं, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. गप्प बसलास तर दोष तुझा.

कार्यालयाची वेळ लगेच मिळत नाही म्हणालास. शहरात एकच ब्युर्गरब्युरो, म्हणजे नोंदणीचं कार्यालय, आहे का? सगळी बघ, सकाळी लवकर बघ. उशिराची मिळाली तरी घे आणि पोच जपून ठेव. दोघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, तो कागद, सगळं घेऊन दोघं जा. अर्जात धर्म विचारतील. तो तिथल्या चर्चच्या करासाठी असतो, आपला त्याच्याशी संबंध नाही, त्यात डोकं घालू नको. रेडिओ-टीव्हीची वर्गणी दुप्पट होईल असंही कोणी तरी भरवलंय तुला. ती घरामागे असते, माणसामागे नाही. महिन्याचे १८.३६ युरो तू भरतोसच, बायकोचं नाव लागलं म्हणून एक सेंट वाढत नाही.

मी इतका का पेटलोय, ते सांगतो. तुझ्या आईलाही हे माहीत नाही.

माझे बाबा गेल्यावर १९९४ मध्ये मी माझ्या आईला काटोलकडच्या गावाहून इथे आणलं. अकरा वर्षं ती माझ्याकडे होती. तिचं नाव मात्र गावीच राहिलं, रेशनकार्डावर आणि मतदारयादीतही. काढलं तर गावातल्या भावाच्या कार्डावरची तिच्या वाट्याची साखर बंद झाली असती. वहिनीला वाटलं असतं, हा म्हातारीला नेतो, नाव नेतो, उद्या शेतात वाटा मागेल. मी म्हटलं राहू दे. नाव काय, फक्त कागदावर.

गावच्या यादीतून कोणी तरी तिला स्थलांतरित म्हणून कमी केलं. १९९९ च्या निवडणुकीत माझी केंद्रावर ड्यूटी होती. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावली, साहित्य जमा केलं आणि मध्यरात्रीनंतर घरी आलो. आई ओट्यावर जागी बसलेली. माझा हात हातात घेतला, बोटांवरचे जांभळे डाग अंगठ्यानं घासून पाहिले. गल्लीतल्या बाया संध्याकाळी आपापली बोटं दाखवून गेल्या होत्या. मग म्हणाली, "माह्या नावाचं काय झालं, बापू?" 

नाव लावायचे कोरे अर्ज माझ्या टेबलाच्या खणात होते, बेटा. गठ्ठा होता.

त्यानंतर तरी भरला का? नाही. भावाशी संबंध टिकले पाहिजेत असं मी स्वतःला सांगत राहिलो. आणि ते टिकलेही, आजही दिवाळीला तो येतो. तेव्हा मी अगदीच चुकलो असं म्हणणार नाही मी. वहिनीचा स्वभाव तू पाहिलेला नाहीस. पण २००५ मध्ये आई गेली तेव्हा या घरात ती राहिली होती हे सांगणारा पहिला सरकारी कागद तिचा मृत्यूचा दाखला होता. अकरा वर्षं माझ्या घरात निजली, आणि नाव लागलं ते असं. त्यामुळे मला सूनबाईच्या बाबतीत "बघू, नंतर" ऐकवत नाही.

तिची इथली नोकरी सुटली, माणसं सुटली. तिथे तिचं नाव कुठेच नाही. बँक खातं, कर क्रमांक, भाषेचा वर्ग, सगळं त्या एका नोंदीनंतर सुरू होतं. तू ऑफिसला जातोस, ती दिवसभर त्या खोलीत. कोणाच्या घरात राहते ती, तुझ्याच ना? मग नाव एस्लिंगेनला काहून?

एक बारीक गोष्ट, जी सगळे विसरतात. सूनबाईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे. नोंद झाली की कर क्रमांकाचं पत्र टपालानं येतं, तिच्या त्या आडनावानं. खाली पत्रपेटीवर फक्त तुझं आडनाव असेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. माझ्या लेकीच्या नवऱ्याचं असंच झालं, दोन महिने वाट बघत बसले. तेव्हा आजीला विचारून पेटीवर आणि बेलवर दोन्ही आडनावं लाव, छापील पट्टी नसेल तर पेनानं लिहून चिकटव, पण अक्षर तुझं नको, तिचं असू दे. तुझं कोणाला वाचता येत नाही.

लावलंस की फोटो पाठव. चौदातले नऊ गेलेत. तुझ्या आईला मी काही बोललेलो नाही. परवा ती तुमच्यासाठी संत्र्याची बर्फी देऊन गेली, तिकडे येणारं कोणी मिळालं तर पाठवतो, नाही तर काकू संपवेल.

तुझा,
काका