लेखनाचे वर्ष दिवाळीपासून मोजून पाहावे

रोज हजार शब्द, वर्षभरात बारा कथा आणि एक कादंबरी असा नव्या वर्षाचा संकल्प आपण केला आहे आणि तो टिकावा म्हणून काय करावे, असे विचारले आहे. आपली नोकरी आहे आणि मार्चमध्ये मुलीची दहावीची परीक्षा आहे, हेही आपण कळवले आहे. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

स्पष्टच सांगायचे तर ही उद्दिष्टे नव्हेत, या इच्छा आहेत. असाच हजार शब्दांचा संकल्प मीही एका १ जानेवारीला केला होता. आमच्या बडोद्यात १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायणासाठी सारे गाव गच्चीवर असते. त्या दोन दिवसांत दोन हजार शब्द बुडाले, ते भरून काढण्यासाठी १६ तारखेला तीन हजार लिहायला बसलो आणि रात्री अकरापर्यंत जेमतेम साडेचारशे झाले. त्यानंतर वही उघडायचीच लाज वाटू लागली. दोष पतंगांचा नव्हता. वर्षानुवर्षे ठाऊक असलेल्या तारखा मी हिशेबात धरल्या नव्हत्या.

तेव्हापासून माझे लेखनाचे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे गुजराती मंडळींच्या बेसत्या वर्षाला, सुरू होते. बडोद्यात १९०९ साली साहित्य संमेलन भरले, त्याच वर्षी का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि मराठीत लिहिणाऱ्याचे वर्ष तेव्हापासून बरेचसे दिवाळीभोवतीच फिरत आले आहे. दिवाळी अंकासाठी साहित्य साधारणपणे पावसाळ्यातच पोहोचावे लागते. म्हणून मी जुलैअखेर ही तारीख धरून मागे मोजत येतो: जूनमध्ये पुनर्लेखन, त्याआधीचे सहा आठवडे कथा कपाटात बंद, आणि पहिला खर्डा गुढीपाडव्याच्या सुमारास पुरा. कपाटातले सहा आठवडे वगळण्याचा मोह प्रत्येकाला होतो. मीही तो केला आहे आणि दर वेळी पस्तावलो आहे.

हिशेबासाठी मी दिवाळीत व्यापारी घेतात तसला लाल कापडी बांधणीचा चोपडा घेतो. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे खर्चाची बाजू. जमेला बैठक लिहायची, नावे बाजूला घरातून बाहेर गेलेले लेखन. गेल्या वर्षीची एक नोंद अशी आहे: 'मंगळवार, पहाटे ५.४० ते ६.३०. आत्याच्या घराची कथा. शेवटचे दोन परिच्छेद काढले, १८० शब्द उणे.' शब्द मोजत बसलो असतो तर ती सकाळ तोट्यात गेली असती. माझ्या चोपड्यात ती जमेलाच आहे, आणि कथा उभी राहिली ती त्याच सकाळी. नावे बाजूला 'छापून आली' असे मी कधीच लिहीत नाही, 'पाठवली' एवढेच लिहितो, कारण छापणे संपादकाच्या हाती आहे.

आता आपले आकडे पाहू. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून परीक्षा, गणपती, नवरात्र, लग्नसराई आणि आजारपणे यांचे १२ आठवडे आधीच वजा करावेत. उरलेल्या ४० आठवड्यांत आठवड्याला पाच बैठका आणि बैठकीला ३०० शब्द धरले तर ६०,००० शब्द होतात. पण निम्म्या बैठका पुनर्लेखनात जाणारच, म्हणजे नवे लेखन ३०,००० शब्दांचेच. एवढ्यात एक छोटी कादंबरी किंवा काही कथा बसतील, दोन्ही बसणार नाहीत. माझे मत विचाराल तर कादंबरी या वर्षी बाजूला ठेवावी आणि चार कथांवर समाधान मानावे.

वाचनाचे उद्दिष्ट आपण घातलेलेच नाही. महाराष्ट्राबाहेर राहून दिवसभर दुसऱ्या भाषेत वावरणाऱ्यांना तर ते हवेच. माझ्या एका कथेच्या निवेदनात 'घाई'च्या जागी 'उतावळ' हा गुजराती शब्द शिरला होता आणि संपादकांनी दाखवीपर्यंत तो मला दिसलाच नव्हता. (संवादातला 'उतावळ' मात्र मी हट्टाने ठेवला, दांडिया बाजारातली आत्या तसेच बोलते.) त्या दिवसापासून शनिवारची सकाळ मांडवीजवळच्या, सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयातल्या मराठी पुस्तकांसाठी राखून ठेवली आहे, आणि घरी आल्यावर चार पाने मोठ्याने वाचतो.

यंदाचा कार्तिक उलटून गेला असला तरी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मार्चची पाने चोपड्यात कोरी सोडावीत, मुलीचा शेवटचा पेपर झाल्यावर पहिली तारीख घालावी, आणि नव्या कथेऐवजी अर्धवट पडलेली एखादी कथा आधी हाती घ्यावी. तशी कोणती आहे आणि ती नेमकी कुठे अडली आहे, हे कळवल्यास त्याविषयी पुढे लिहीन.