500 किलोचा गठ्ठा, 35 एचपीचा ट्रॅक्टर

मुरघासाचे, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याचे, गोल गठ्ठे शिरूर-दौंड-इंदापूरकडच्या गोठ्यांत आता नवलाचे राहिले नाहीत. गठ्ठा बांधणारं यंत्र नवं आणि भाड्याचं असतं, तो हलवणारा ट्रॅक्टर मात्र बहुतेकांकडे वडिलांच्या काळातला. या वेळचे प्रश्न सगळे या जोडीतून आलेत.

प्रश्न (शिरूर तालुका): आमचा 35 एचपीचा ट्रॅक्टर 1994 सालचा. मागे लोखंडी भाला जोडून मुरघासाचा 500 किलोचा गठ्ठा उचलतो. कागदावर लिफ्ट (अवजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा) 1,200 किलोची आहे, तरी पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. मागच्या टायरांत पाणी भरलं, पण फरक नाही.

उत्तर: पाण्यानं फरक पडणार नव्हताच. मागचा एक्सल म्हणजे तराजूचा मधला काटा. पाणी तुम्ही नेमकं काट्यावर ओतलंत, पारडी होती तशीच राहिली.

आता आकडे बघा. ट्रॅक्टर 1,800 किलोचा धरू. त्यातले 40 टक्के, म्हणजे 720 किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर 1.9 मीटर, आणि गठ्ठ्याचा मध्य मागच्या एक्सलपासून 1.4 मीटर मागे. 500 ला 1.4 ने गुणा, 1.9 ने भागा. 368 किलो येतात. एवढं वजन पुढच्या चाकांवरून उठलं आणि उरले 352. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान 20 टक्के भार पुढच्या चाकांवर राहायला हवा, म्हणजे इथे 360. तुम्ही उभ्या जागीच काठावर आहात. बांध ओलांडताना किंवा क्लच झटक्यात सोडल्यावर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

त्या 1,200 किलोंवर भिस्त ठेवू नका. तो आकडा खालच्या लिंकांच्या, म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या दांड्यांच्या, टोकाशी मोजलेला असतो, गठ्ठ्याचं वजन तिथून आणखी दोन फूट मागे बसतं. शिवाय पंपात जोर किती आहे एवढंच तो आकडा सांगतो. ट्रॅक्टरचं तोंड जमिनीला टेकलेलं राहील की नाही, ते त्यात कुठेच येत नाही.

उपाय पुढे आहे. बंपरवर 100 किलोची बिडाची वजनं टांगा. पुढच्या एक्सलपासून ती 60 सेंटीमीटर पुढे असतील, तर तरफेच्या हिशेबानं चाकांवर 130 किलो वाढतात. आणि माझे आकडे तसेच उचलू नका. गठ्ठा लावून ट्रॅक्टर वजनकाट्यावर न्या, नुसती पुढची चाकं काट्यावर चढवा आणि पावती घ्या.

प्रश्न (तेच गृहस्थ): वजनं मिळेपर्यंत बोनेटवर दोन पोरं बसवली तर?

उत्तर: नाही. पोरगं पुढून घसरलं की चाकाखालीच जातं. वजनं मिळेपर्यंत लहान गठ्ठे वाहा, चार खेपा जास्त होतील.

प्रश्न (इंदापूर तालुका): गावातल्या फॅब्रिकेटरकडून जुन्या ट्रॅक्टरला पुढे लोडर (बादली उचलणारे दोन हात) बसवून घ्यायचा विचार आहे. बादलीत गठ्ठा उचलता येईल का?

उत्तर: बादलीत गोल गठ्ठा कधीच घेऊ नका. हात वर गेले की बादली मागे कलते आणि गठ्ठा लोडरच्या हातांवरून घरंगळत थेट सीटवर येतो. जगभर यात माणसं मेली आहेत. तुमच्या ट्रॅक्टरला डोक्यावर चौकटही नसणार. भाला किंवा चिमटा हवाच, आणि चालताना गठ्ठा जमिनीपासून फूट-दीड फुटावरच ठेवायचा.

पण माझी खरी हरकत पुढच्या एक्सलबद्दल आहे. वरच्याच मापाच्या ट्रॅक्टरला 500 किलोचा गठ्ठा पुढच्या एक्सलच्या दीड मीटर पुढे धरलात, तर पुढच्या चाकांवर जवळजवळ 900 किलो वाढतात. लोडरचं स्वतःचं वजन आणखी वेगळं. तीस वर्षं नांगर ओढलेला तो एक्सल, त्याचे बेअरिंग, किंगपिन (पुढची चाकं ज्यावर वळतात ते खिळे) यासाठी केलेलेच नाहीत, आणि पॉवर स्टीअरिंग नसेल तर वळवताना हात भरून येतील. त्याच वेळी मागच्या चाकांवरचे चारशेएक किलो उठतात. टू-व्हील ड्राइव्हला ब्रेक मागच्याच चाकांना असतात, म्हणजे ब्रेकही तेवढा गेला. यासाठी मागे लिंकांवर काँक्रीटचं वजन टांगावं लागतं. टायरातल्या पाण्यानं इथे पकड वाढते खरी, पण पुढच्या एक्सलचा भार हलका होत नाही, तो मागे टांगलेल्या वजनानंच होतो.

माझं मत विचाराल तर त्या पैशात लोडर करू नका. महिन्यातून एकदा गठ्ठ्यांची गाडी येते, तेव्हा जेसीबी तासावर बोलवा. रोजचा एक गठ्ठा भाल्यावर गोठ्यापर्यंत न्या.

प्रश्न (दौंड तालुका): भाल्यानं प्लास्टिकला भोक पडतं. मुरघास खराब होतो का?

उत्तर: होतो. हवा शिरली की बुरशी आलीच. भाला फक्त त्याच दिवशी फोडायच्या गठ्ठ्याला लावा. साठवायचे गठ्ठे चिमट्यानं धरा आणि सपाट तोंडावर उभे ठेवा, त्या बाजूला प्लास्टिकचे थर जास्त असतात.

प्रश्न (मुळशी तालुका): आमची भातखाचरं उताराची. पेंढ्याचा गोल गठ्ठा सुटून खाली ओढ्यात गेला. कुणाला लागलं नाही, पण आता भीती वाटते.

उत्तर: भीती वाटते ते बरंच आहे. गठ्ठा उतारावर सोडायचा तर सपाट तोंड उताराकडे करा. गोल अंग उताराकडे राहिलं की तो चाकच आहे. खाली मोठा दगड लावा, आणि सुटलाच तर अडवायला धावू नका. भाल्यावर असताना जड बाजू नेहमी चढाकडे ठेवायची. मागे गठ्ठा असेल तर चढ रिव्हर्समध्ये चढा, उतार सरळ तोंडानं उतरा. लोडर पुढे असेल तर नेमकं उलट. उताराला आडवं तर जाऊच नका.

प्रश्न (पुरंदर तालुका): हडपसरहून ट्रॉलीत आठ गठ्ठे भरून दिवे घाट चढतो तेव्हा काही वाटत नाही. माघारी इकडचे गठ्ठे घेऊन उतरताना ट्रॉली ढकलते.

उत्तर: ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत हे गृहीत धरतो, बहुतेकींना नसतात. घाटमाथ्यावरच गाडी थांबवून, ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायला लागा, आणि अर्ध्या घाटात क्लच दाबू नका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आजही दिसतात. ब्रेकचे दोन्ही पेडल पट्टीनं जोडलेले आहेत का ते निघण्याआधी पाहा. शेतात एकेक दाबायची सवय असते, घाटात एकच दाबला तर ट्रॅक्टर आडवा होतो. वर चढवलेला तिसरा थर काढून टाका, आठाऐवजी सहाच न्या. आणि दोरी जुनी, उन्हात करपलेली असेल तर ती वैरणीच्या पेंढ्या बांधायला ठेवा, ट्रॉलीला रॅचेटचा (दांडा मागेपुढे करून आवळायचा) पट्टा घ्या.