गरोदरपणात माझंच काही चुकलं का?

प्रश्न : मुलगा ३१व्या आठवड्यात झाला, वजन १४०० ग्रॅम. आता सात वर्षांचा आहे. घरी-शाळेत एका जागी ठरत नाही. सासूबाई म्हणतात, सातव्या महिन्यात जिने चढलीस ना, त्याचं हे फळ. (रामबाग, इंदूर)

जिन्याचा यात काहीही संबंध नाही. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या मुलांत एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता, दुपटी-तिपटीने जास्त दिसते, हे मात्र खरं. तरीही अशा बहुतेक मुलांना ती होत नाही. सगळ्यात मोठा वाटा आनुवंशिकतेचा असतो. जुळ्यांच्या अभ्यासांत तो ७० ते ८० टक्के निघाला आहे.

मागे असाच एक मुलगा दवाखान्यात आला होता. तो स्टूल गरागरा फिरवत होता आणि आई खाली मान घालून नवजात बाळांच्या नर्सरीतले त्याचे जुने कागद काढत होती. मी विचारलं, "याचे बाबा लहानपणी कसे होते?" आजोबा पटकन म्हणाले, "अहो, अगदी असाच! मास्तर रोज वर्गाबाहेर काढायचे." आईने फाइल मिटली.

तुमच्या मुलाचे कान आणि डोळे आधी तपासून घ्या, झोप कशी आहे तेही पाहा. लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, निदान सहा महिने टिकलेली आणि घर-शाळा दोन्हीकडे दिसणारी असतील, तरच निदान होतं. म्हणून शाळेतल्या बाईंकडून चार ओळी लिहून आणा. मला त्या फार उपयोगी पडतात.

प्रश्न : पाचव्या महिन्यात ताप होता म्हणून पॅरासिटामॉल घेतली. आता भीती वाटते. (सुदामा नगर)

स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. एकाच्या वेळी आईने गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, अशा सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर गोळीचा आणि एडीएचडीचा संबंध उरला नाही. गरोदरपणात ताप अंगावर काढणं बरं नव्हे. डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढीच घेतलीत ना? मग मनातून काढून टाका.

प्रश्न : सिझेरियनमुळे मूल चंचल होतं का? (राजेंद्र नगर)

नाही. इथेही भावंडांची तुलना केली की फरक उरत नाही.

प्रश्न : दुसऱ्या बाळाचा विचार आहे. काय सांभाळू? मला फिटच्या गोळ्या चालू आहेत. (लोकमान्य नगर)

तंबाखू, मशेरी, सिगारेट आणि घरातल्यांच्या सिगारेटचा धूर टाळा. त्याने बाळाचं वजन घटतं. दारू थेंबभरही नको. पण खरी महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत. गोळी व्हॅलप्रोएटची असेल तर ती बाळाच्या मेंदूच्या वाढीला बाधते, म्हणून दिवस राहण्याआधीच न्यूरॉलॉजिस्टना भेटा. आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. फिट आली तर तुम्हाला आणि बाळाला, दोघांनाही धोका असतो.