युद्ध आणि अपप्रचारावरचा कोणता चित्रपट पाहावा?

'वॅग द डॉग' (१९९७) पाहाच. निवडणुकीच्या तोंडावर लफड्यात अडकलेल्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षाला वाचवायला त्याची माणसं हॉलिवूडच्या निर्मात्याला हाताशी धरून अल्बानियाशी खोटं युद्ध रचतात. एक दृश्य नीट बघा: स्टुडिओत एक मुलगी चिप्सचं पाकीट उराशी धरून पळते, संगणकावर त्या पाकिटाचं मांजराचं पिल्लू होतं, मागे जळतं गाव येतं, आणि तीच बातमी म्हणून टीव्हीवर झळकते.

मे २०२५मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला होता, तेव्हा घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ गेममधलं पाडलेलं विमान खरं म्हणून फिरलं आणि मला ती मुलगी आठवली. शेजारच्या काकूंचा मुलगा जम्मूला पोस्टिंगवर. त्या रात्रभर जाग्या होत्या. चित्रपटात निर्माता झालेल्या डस्टिन हॉफमनचं काम तर अफाट आहे. शेवट मात्र आधी वाचू नका.