व्हिडिओ कॉलवरचा व्यायाम आणि ऑक्सिमीटरचा आकडा

प्रश्न : कोविडच्या न्यूमोनियानंतर बाबा (वय ६४) घरी आले आहेत. ऑक्सिजन लावावा लागत नाही. फिजिओथेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडून मिनिटभर खुर्चीवरून उठबस करून घेतात. ऑक्सिमीटर कधी ९६ दाखवतो, कधी ८८. खरा आकडा कोणता? शिवाय व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी ते अंथरुणातून उठत नाहीत. हे चालायचंच का?

उत्तर : आधी खुर्ची बघा. प्लास्टिकची सरकते, सोफ्यात माणूस रुततो. टणक बैठकीची, दीड फूट उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि दर वेळी तीच वापरा. बैठक चार बोटं खाली गेली तरी मोजणी कमी भरते आणि मागच्या आठवड्याशी तुलनाच होत नाही. हाताचा आधार घ्यायचा नाही. फोन एका बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवा. समोरून गुडघे आणि पाठीचा बाक दिसत नाही. जवळ घरचं कुणीतरी हवंच. कॉल तुटला, की उठबसही थांबवायची.

आता आकडा. हात गार असेल तर चोळून ऊब आणा. पाच मिनिटं बसवून, आकडा स्थिरावल्यावर टिपा. उठबस करताना ऑक्सिमीटरचा हात छातीशी धरायला सांगा. हात हलला की आकडा भरकटतो. यंत्रावरचे ठोके मनगटाच्या नाडीशी जुळत नसतील, तर ते ८८ सोडून द्या. जुळत असतील, तर मात्र खरं माना आणि लगेच थांबवा. बहुतेकांची चूक पुढे होते : मिनिट संपलं की यंत्र काढतात. सर्वांत कमी आकडा अनेकदा थांबल्यानंतर येतो, म्हणून आणखी दोन मिनिटं बघत राहा. बसल्या जागच्या आकड्यापेक्षा ३ किंवा जास्त अंकांनी उतरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. विश्रांतीतही ९२ किंवा खाली राहिला, छातीत दुखलं किंवा भोवळ आली, तर कॉलची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

दुसऱ्या दिवसाचं गळून जाणं चालायचं नाही, आणि तो आळसही नाही. श्रमाचा हा फटका काही तासांनी, कधी दोन दिवसांनी बसतो. कॉलवर रुग्ण टवटवीतच दिसतो, त्यामुळे फिजिओथेरपिस्टना तो कळतच नाही. अशा रुग्णाचा व्यायाम नेटाने वाढवत नेला तर तब्येत आणखी ढासळते. तूर्त उठबस बंद ठेवा, आंघोळही स्टुलावर बसून होऊ द्या. वहीत मागच्या वेळच्या उठबशांची संख्या, सर्वांत कमी आकडा, ० ते १० मध्ये धाप किती, आणि पुढच्या दोन्ही दिवसांची स्थिती लिहा. त्या पानाचा फोटो पुढच्या कॉलच्या आधी पाठवा, नंतर नव्हे.