हा पियानो पियानोसारखा का वाजत नाही?

प्रश्न : अमेरिकी जाझ वादक बॉब जेम्स यांचा ‘टचडाउन’ हा अल्बम मैत्रिणीने आवर्जून ऐकायला दिला. दोनदा ऐकला. गोड आहे, पण कानांवरून नुसता घसरून जातो. शिवाय जेम्स पियानोवादक ना? मग सुरुवातीलाच ते घंटेसारखं काय वाजतं? माझंच ऐकणं कमी पडतंय का?

उत्तर : घंटेसारखं वाजतं ते ऱ्होड्स, म्हणजे विजेवरचा पियानो. तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या दोन्ही शंका त्या वाद्यापाशी येऊन मिळतात.

मी शिकायचे तिथे एक जुना ऱ्होड्स होता. एकदा त्याची एक पट्टी मुकी झाली म्हणून सरांनी झाकण उघडलं. आत डोकावले तर तारा नाहीतच! प्रत्येक पट्टीमागे एक छोटी हातोडी आणि तिच्यासमोर विणायच्या सुईसारखी पोलादी कांडी. कांडीवर बारीकशी स्प्रिंग. ती जराशी मागेपुढे सरकवली की सूर जुळतो. हातोडी बसली की कांडी थरथरते, आणि पिकअप, म्हणजे थरथरीचा विजेचा संकेत करणारा छोटा भाग, ती पकडून स्पीकरकडे पाठवतो. दुरुस्ती झाल्यावर सरांनी तीच पट्टी आधी हलकेच दाबली. गोल, घंटेसारखा नाद. मग जोरात दाबली, तर तोच सूर गुरगुरला. त्या दिवसापासून ऱ्होड्स ऐकताना माझं लक्ष आधी बोटांच्या वजनाकडे जातं.

आता तुमचा अल्बम. तो १९७८चा. त्यातली पहिली रचना ‘अँजेला’, ‘टॅक्सी’ या अमेरिकी मालिकेचं शीर्षकसंगीत. मुळात जेम्स यांनी ही धून मालिकेच्या एका भागातल्या अँजेला नावाच्या पात्रासाठी केली होती. एकटी, दुखावलेली बाई. निर्मात्यांना धून इतकी आवडली की तीच शीर्षकाला लावली. हे कळल्यावर पुन्हा ऐका. त्या गोडव्याखाली केवढी उदासी आहे! पहिल्या ओळीत जेम्स एकही सूर दणकून वाजवत नाहीत. ऱ्होड्स गुरगुरायच्या अलीकडेच ते बोट आवरतात. तुम्हाला जे घसरून जाणारं वाटलं, ते हेच आवरणं आहे.

आणि हे त्यांना दुसरं काही जमत नव्हतं म्हणून नाही. १९६५ मध्ये याच माणसाने ‘एक्स्प्लोजन्स’ नावाचा अल्बम केला होता. त्यात पियानोच्या जोडीला ध्वनिफितीवरचे इलेक्ट्रॉनिक आवाज आहेत, आणि तो पार्श्वसंगीत म्हणून लावायची कुणाची छाती होणार नाही. तिथून ते स्वतःहून इकडे आले. ‘टचडाउन’मध्ये काही ठिकाणी वाद्यवृंदाचा थर मला जाड वाटतो, तो मी आजही नाइलाजाने ऐकते. पण ऱ्होड्स एकटा पुढे येतो तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवावंच लागतं.

तेव्हा हेडफोन लावा, आवाज थोडा वाढवा आणि ‘अँजेला’ पुन्हा लावा. चाल तुम्हाला आता पाठ असेल, तिच्याकडे बघू नका. कुठला सूर हलका पडतो आणि कुठे बोट किंचित रुततं, एवढंच टिपा. ते ऐकू यायला लागलं की त्यांचा पुढच्याच वर्षीचा ‘वन ऑन वन’ घ्या. त्यात अर्ल क्लू यांची नायलॉन तारांची गिटार सोबतीला आहे, आणि इतक्या हळव्या तारांशेजारी जेम्स यांना हात आणखी हलका करावा लागलाय.