नाव ठरत नाही, तेव्हा नेमके काय अडलेले असते?

“बाळाचे नाव ठरत नाही आणि त्यावरून घरात अबोला धरला गेला आहे,” ही तक्रार घेऊन तरुण आईवडील माझ्याकडे, कुटुंब-समुपदेशकाकडे, वरचेवर येतात. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये शे-दीडशे नावांची यादी असते, प्रत्येक नावापुढे त्याचा अर्थ लिहिलेला असतो, आणि तरीही एकही नाव मनात भरत नाही. अर्थ उणा पडला तर मूल पुढे आपल्यालाच दोष देईल, अशी धास्ती ते बोलून दाखवतात. मी यादी बाजूला ठेवायला सांगते आणि कोणते नाव कुणी सुचवले, कुणी नाकारले व ते नाकारले जात असताना कोण गप्प बसले, एवढेच विचारते. एकट्या माणसाच्या मनापेक्षा तीन पिढ्यांचे घर एकत्र पाहण्याकडे माझा पहिल्यापासून ओढा आहे, आणि नावाच्या पेचात ही दृष्टी जेवढी उपयोगी पडते तेवढी क्वचितच दुसरीकडे पडत असेल.

एका कुटुंबाची हकिगत, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून, येथे देते. मुलगी चार महिन्यांची होती. बाराव्या दिवशी बारसे झाले, पाळणाही म्हटला गेला, पण कानात ‘कुर्रर्र’ करून सांगायला नावच ठरलेले नव्हते, म्हणून देवीचे एक नाव घेऊन वेळ निभावण्यात आली. जन्मनक्षत्र हस्त, चरण तिसरे, त्यामुळे पत्रिकेप्रमाणे अक्षर आले ‘ण’. या अक्षराने सुरू होणारे नाव आपल्याकडे नाही, तेव्हा गुरुजींनी ‘न’ घ्यायला सांगितले. 27 नक्षत्रांची प्रत्येकी चार चरणे मिळून जी 108 अक्षरे होतात, त्यांत ‘ङ’ आणि ‘ञ’सुद्धा आहेत, म्हणजे जवळचे अक्षर घेण्याची मोकळीक रूढीनेच दिलेली आहे, हे मी पत्रिकेचा धाक बाळगणाऱ्यांना आवर्जून सांगते. या घरात मात्र त्या ‘न’नेच पेच निर्माण केला. बाळाच्या वडिलांची धाकटी बहीण वीस वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, अचानक गेली होती आणि तिचे नाव ‘न’वरूनच होते. आजींना यात योगायोग दिसेना. आपली लेकच परत आली आहे आणि तिला तिचेच नाव मिळाले पाहिजे, असे त्यांनी मनाशी पक्के केले.

प्रथम नवरा-बायको दोघेच आले. “मॅडम, आईंचा शब्द मला मोडायचा नाही,” ती म्हणाली, “पण माझ्या मुलीने दुसऱ्या कुणाचे अर्धे राहिलेले आयुष्य पुरे करायचे, हे मला सहन होत नाही.” तिच्या नवऱ्याने फोन उघडून ‘न’ची नावे वाचायला सुरुवात केली. त्याने ती अर्थासकट, अक्षरांच्या क्रमाने लावून ठेवली होती आणि आईलाही चालेल असे एखादे नाव त्यातून निघेल, अशी त्याची आशा होती.

“यातले तुम्हाला स्वतःला कोणते आवडते?” मी विचारले.

“मला कोणतेही चालेल.”

जो माणूस एवढ्या चिकाटीने नावे गोळा करतो, त्याला त्यातले कोणतेही चालावे, हे मला खटकले. भांडण सासू-सुनेचे आहे असे दोघेही धरून चालले होते. मला मात्र त्या यादीआड कुणीतरी लपले आहे असे वाटू लागले. पुढच्या भेटीला मी आजींनाही बोलावले, आणि नातीच्या नावाचा विषय जाणूनबुजून काढलाच नाही.

“काकू, घरात तुमच्या लेकीचे नाव शेवटचे कधी घेतले गेले?”

“कुठे घेतो आम्ही! ह्यांना त्रास व्हायचा, म्हणून फोटोसुद्धा कपाटात ठेवला. आता हेही गेले. नातीच्या निमित्ताने तरी ते नाव घरात कानावर पडेल.”

“आणि तुम्ही नातीला त्या नावाने हाक मारलीत, तर वळून कोण बघेल असे वाटते?”

त्या काही बोलल्या नाहीत. असा प्रश्न विचारून झाल्यावर स्वतः गप्प राहणे, हे समुपदेशकाला प्रश्न सुचण्यापेक्षाही उशिरा साधते. बराच वेळ गेल्यावर बोलला तो मुलगा. “आई, मला ते नाव तोंडाने घेता येत नाही. ती गेल्यापासून मी ते एकदाही घेतलेले नाही. रोज दहादा कसे घेऊ?”

आजी त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अरे, मला वाटले, तू तिला विसरलास.”

एकमेकांना त्रास होऊ नये म्हणून मायलेकांनी वीस वर्षे एकेकट्याने शोक केला होता, आणि त्या न बोललेल्या गोष्टीला तोंड फोडण्याचे काम चार महिन्यांच्या मुलीवर येऊन पडले होते. सुनेला आपल्या हक्कावर गदा आल्यासारखे वाटत होते, नवऱ्याला दोघींची समजूत घालायची होती, आणि आजींना केवळ ते नाव पुन्हा ऐकायचे होते. ही मागणी पुरी करायला बाळाची गरज नव्हती. नंतरच्या भेटींत त्या गेलेल्या लेकीविषयी पुष्कळ बोलणे झाले. सुनेने तर तिच्याबद्दल एवढे प्रथमच ऐकले. फोटो कपाटातून बाहेर आला. “पोरीला तिचे स्वतःचे नाव असू दे,” हे पुढे आजींनीच सुचवले. सुनेने निवडलेले नाव ‘न’चे नव्हते. ते बाळाच्या कानात सांगण्याचा आत्याचा मान आजींनी आपल्याकडे घेतला.

यावरून वाडवडिलांचे नाव ठेवूच नये, असा अर्थ कुणी काढू नये. आजोबांचे नाव नातवाला देण्याची आपली चाल मला प्रिय आहे. ज्यांचे नाव द्यायचे त्यांच्याविषयी एखादी गमतीची आठवण घरातल्या सर्वांना गळा दाटून न येता सांगता येत असेल, तर ते नाव खुशाल द्यावे; अकाली गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे जमत नसेल, तर थांबावे. पाळण्यातले नाव एक आणि व्यवहारातले दुसरे, ही तडजोडही अशा घरांत मी सहसा सुचवत नाही, कारण तिच्यामुळे जे बोलायला हवे ते पुन्हा मागे पडते.

शब्दकोशातल्या अर्थाचा धसका घेणाऱ्यांनी आपलीच जुनी नावे आठवावीत. आधीची मुले दगावल्यावर जन्मलेल्याला दगडू किंवा धोंडू म्हणत, ते त्याच्यावर कुणाची वाईट नजर पडू नये या मायेपोटी. याउलट मुलगी नको म्हणून ‘नकुशी’ म्हटल्या गेलेल्या अडीचशेहून अधिक मुलींना 2011 साली सातारा जिल्ह्यात समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. मुलाला नावाचा पहिला अर्थ कळतो तो हाक मारणाऱ्याच्या स्वरातून, आणि घरातल्या मोठ्यांची मने मोकळी नसतील तर सर्वांत सुंदर संस्कृत नावही तो स्वर बदलू शकत नाही.

राहिला घाईचा प्रश्न. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव पुढे 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून जन्मनोंदणीपासून 15 वर्षांपर्यंत घालता येते. त्यामुळे बाराव्या दिवसाच्या धास्तीने मन मारून नाव ठरवण्याचे कारण नाही. मात्र 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासारख्या कामांना जन्मदाखलाच लागत असल्याने पहिले वर्ष उलटू देऊ नये. शिवाय महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. तेव्हा नाव पक्के करण्यापूर्वी ही चारही नावे सलग उच्चारून पाहावीत आणि इंग्रजी स्पेलिंग दोघांनी मिळून एकदाच ठरवून अर्जावर लिहावे.